अंगठ्याची जागा

चौथी भिंत काही बसेना. तीन भिंती एकमेकींना धरून नीट उभ्या होत्या, पण चौथी लावायला गेले की कोपऱ्यात फट पडायची. तिथे दाबून धरली की फट पलीकडच्या कोपऱ्यात जायची. मी इकडून दाबलं, तिकडून दाबलं, शेवटी म्हटलं जा मर तिकडे, आणि भिंत टेबलावर आपटली. भिंत म्हणजे तरी काय, वीतभर लांबीची लाकडाची पातळ फळी. ती आपटून आवाज कितीसा येणार.

“आपटू नको,” हे खुर्चीतून म्हणाले. “लाकडाचा दोष नाही.”

म्हणजे दोष कुणाचा ते न सांगता सांगून झालं. आमच्या ह्यांची ही जुनी खोड आहे. भांडणात सुद्धा अर्धंच वाक्य बोलतात, उरलेलं आपण आपल्या तोंडानं म्हणायचं.

ह्यांना सगळे मिस्तरी म्हणतात. इमारतींची छोटी मॉडेलं करायची, हा आमचा धंदा. कुणाला बंगला बांधायचा असतो, कुणाला कारखाना, कुणाला पूल, आणि नकाशा बघून ज्यांच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही त्यांना आधी लाकडात करून दाखवावं लागतं. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मीही हाताखाली आहे. कापसाची झाडं मी करायची, खिडक्यांच्या काचा मी कापायची, रंग मी द्यायचा. फक्त घासायला मला कधी बसवलं नाही. भिंतींचे कोपरे काटकोनात घासणं हे ह्यांचं खास काम, तिथे मला प्रवेश नव्हता. धंद्यातली माणसं म्हणायची, मिस्तरींच्या कोपऱ्यानं बोट कापतं. ते ऐकलं की हे वरून शांत बसायचे आणि आतून फुगायचे, मला दिसायचं ना.

गेल्या हिवाळ्यात ह्यांची डावी बाजू गेली. पाय परत आला, बोलणं परत आलं, जरा जास्तच आलं, पण डावा हात राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले की हात असेल, पण त्याला कळणार काही नाही. घासायचं तर डाव्या हातानं तुकडा धरावा लागतो आणि उजव्यानं ठोकळा फिरवावा लागतो. धरणाराच गेल्यावर घासणारा काय करणार. हे खुर्चीत बसून राहायला लागले. सकाळी बसवावं तिथेच संध्याकाळी असायचे. मला ते बघवायचं नाही.

अशात त्या बाई आल्या. अंध मुलांच्या शाळेतल्या बाई. स्वतःलाही दिसत नाही. उंच, भरभर चालणाऱ्या, हातातली काठी उंबऱ्यावर टक टक वाजवून म्हणाल्या, दुकान इथेच ना? सुट्टीनंतर त्यांची शाळा नव्या इमारतीत जाणार होती. नवी जागा पोरांना आधी बोटांनी समजावी, कुठे वर्ग, कुठे जिना, कुठे पाण्याची खोली, म्हणून लाकडाचं मॉडेल हवं होतं. छप्पर उचललं की आत बोटं फिरवता आली पाहिजेत. हे म्हणाले, माझा हात गेला, दुसरीकडे बघा. मी म्हणाले, होईल.

माझ्या तोंडाला कुलूप नाही हे लग्नाच्या बैठकीतच सगळ्यांना कळलं होतं, तेव्हा ह्यांना नवीन काही नव्हतं. त्या जाताना दारात थांबून मला सांगून गेल्या, “एकच बघा. बोटांना फट म्हणजे दार. भिंतीत फट राहिली तर पोरगं तिथे दार समजेल आणि नव्या शाळेत पहिल्याच दिवशी भिंतीवर डोकं आपटेल. आणि कोपरा गोल करू नका. आमच्याकडे गोल म्हणजे जिन्याजवळचा खांब.”

बाई गेल्यावर हे म्हणाले, ठीक आहे, कर. जमलं तर दुकान ठेवू. नाही जमलं तर हत्यारं धाकट्याकडे जातील. धाकटे म्हणजे माझे दीर, त्यांचं फर्निचरचं दुकान आहे. ह्यांनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला आणि रविवारी टेम्पो घेऊन ये म्हणून सांगून टाकलं. हत्यारं गेली तर त्या खुर्चीतून ह्यांना उठवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. पण मी म्हटलं, घासायचंच आहे ना, जन्मभर भांडी घासली, लाकूड काय जड आहे मला.

जड होतं. भांडं घासताना हात कुठेही गेला तरी चालतो. इथे हात म्हणजे नुसता वैताग. ह्यांचा एक पाट आहे, शिकाऊ असताना स्वतःच्या हातानं केलेला. सपाट फळी, तिच्यावर आडवी एक पट्टी बसवलेली. भिंतीचा तुकडा त्या पट्टीला टेकवून धरायचा आणि पॉलिश पेपर चिकटवलेला ठोकळा पाटाच्या कडेनं पुढे ढकलायचा, म्हणजे तुकड्याचं टोक घासलं जातं. ठोकळा पुढे न्यायचा, उचलायचा, परत पुढे. मागे-पुढे घासलं की कोपरा गोल झालाच म्हणून समजा. घासायच्या आधी टोकावर पेन्सिलीनं गिचमिड करायची, ती सगळीकडून सारखी पुसली गेली तर हात बरोबर. मग गुण्या लावायचा. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन, तो कोपऱ्याला लावून उजेडाकडे धरायचा. मधून उजेड आला नाही तर तुकडा गुण्यात आहे.

माझ्या प्रत्येक तुकड्यातून उजेड यायचा. फार नाही, केसाएवढा. पण चार भिंतींचे चार केस एकत्र आले की फट होते. हे म्हणायचे, हात स्थिर ठेव. ठेवला. खांदा सैल सोड. सोडला. श्वास रोखू नको. रोखला नाही. दोघांनी मिळूनही करून बघितलं, मी तुकडा धरला आणि ह्यांनी उजव्या हातानं घासलं. तरी उजेड तसाच, वर भांडण झालं ते वेगळं. माझा हात हलतो म्हणाले. फळ्यांवर फळ्या फुकट गेल्या.

मध्ये एकदा मी भीतभीत म्हटलं होतं, अहो, पाटालाच एकदा गुण्या लावून बघू या का? तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्या पाटावर ह्यांनी उभा जन्म काढला होता. पूल त्याच्यावर झाले, कारखाने झाले. देवाला कुणी विचारतं का, तू खरा आहेस का म्हणून? मीही मग तो विषय सोडला. मलाही वाटायला लागलं होतं की माझाच हात मेला नालायक आहे.

तर तो शनिवार. संध्याकाळी शाळेची गाडी मॉडेल न्यायला येणार होती, आणि मी तीन भिंतींची शाळा घेऊन बसले होते. जेवणं उरकून परत बसते न बसते तोच उंबऱ्यावर काठी वाजली. बाई लवकर आल्या होत्या. म्हणाल्या, राहवलं नाही.

मी घाईघाईनं मॉडेलवर कापड टाकलं. दिसत नसलेल्या बाईपासून मी ते का झाकलं, देव जाणे. ह्यांनी ते बघितलं आणि त्या परिस्थितीतसुद्धा ह्यांचे ओठ हलले. बाईंनी टेबल चाचपलं, कापड लागलं, आणि सरळ बाजूला केलं.

त्यांची बोटं आत गेली. जिना चढली, खांबाला वळसा घातला, वर्गाच्या दारातून बाहेर आली. मी काठावर तात्पुरती टेकवलेली चौथी भिंत हातानं धरून उभी होते. बोटं भिंतीच्या कडेनं सरकत आली आणि कोपऱ्यात थांबली.

“इथे दार आहे?”

नाही, मी म्हणाले. ह्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं संपलं सगळं. उद्या टेम्पो येणार, खोली रिकामी होणार, आणि हे त्या रिकाम्या खोलीत खुर्चीत बसणार.

बाई रागावल्या नाहीत. ओढून खुर्ची घेतली आणि विचारलं, हे कोपरे करता कसे तुम्ही? मला दाखवा, म्हणजे माझ्या बोटांना दाखवा. मी ह्यांच्याकडे बघितलं. गेले काही महिने ह्यांनी बाहेरच्या कुणाशी कामाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण हे उठले. पाय ओढत टेबलाशी आले आणि बाईंचा हात पाटावर ठेवून सांगायला लागले. ही फळी, ही पट्टी, तुकडा असा टेकवायचा, ठोकळा ह्या कडेनं. सांगता सांगता रंगले. मॉडेल करायला शिकवणारे उस्ताद कसे पहिले सहा महिने नुसतं घासायलाच बसवायचे, तेही सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांची बोटं आपल्याच मनानं पट्टीवरून पुढे चालली होती. पट्टीच्या शेपटाकडे, म्हणजे घासायच्या कडेपासून लांबच्या टोकाकडे, गेली आणि थबकली.

“आणि ही अंगठा ठेवायची जागा का?”

कसली जागा, हे म्हणाले. तिथे काही नाही.

“आहे की. चांगला खळगा आहे. माझा अंगठा अख्खा बसतोय.”

मी वाकून बघितलं. पट्टीच्या शेपटाला, पुढच्या अंगाला, लाकूड दबून गुळगुळीत झालं होतं. घामानं काळवंडलं होतं आणि चकाकत होतं. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू, पण आमची नजर सदा तुकड्यावर आणि गुण्यावर. पट्टीकडे कोण बघतो? मी तुकडा नेहमी मधोमध धरत होते, ह्यांनीच तसं शिकवलं होतं. मधोमध घट्ट धर, म्हणायचे. स्वतः कुठे धरत होते ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं.

मी एक तुकडा घेतला, पट्टीला टेकवला आणि अंगठा त्या खळग्यावर ठेवून दाबला. तुकड्याचं शेपूट जरासं आत गेलं. जरासं म्हणजे केसाएवढं. ठोकळा पुढे नेला, उचलला, पुढे नेला, उचलला. पेन्सिल सगळीकडून सारखी पुसली गेली. गुण्या लावला आणि खिडकीकडे धरला.

उजेड नाही.

उलटा करून लावला. उजेड नाही. दुसरा तुकडा घासला, तिसरा घासला. कोपरे एकसारखे येत होते. मग मात्र मी ह्यांना न विचारता गुण्या उचलला आणि पाटाच्या कडेला आणि पट्टीला लावला. मधून उजेडाची रेघ आरपार. पाट वाकडा होता. पहिल्यापासून होता की मध्येच कधी पट्टी सरकली होती, कोण जाणे. ह्यांचा अंगठा रोज तो वाकडेपणा दाबून सरळ करत होता, आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता.

ह्यांनी माझ्या हातातून गुण्या घेतला. स्वतः लावून बघितला. पुसून परत लावला. चेहऱ्यावर काही दिसेना. मला एकाएकी फार भीती वाटली. माणसाचा देव असा भरदुपारी पाहुण्यांसमोर उघडा पडावा का?

“अहो, कुणीतरी बोला,” बाई म्हणाल्या. “मला दिसत नाही.”

आणि हे हसले. आधी नुसतं नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी. ते पाणी हसण्याचंच होतं असं काही मी म्हणणार नाही. “वाकडा आहे,” हे बाईंना म्हणाले. “माझा पाट वाकडा आहे हो. उस्तादानं पास केला होता.” आणि परत हसले.

मग काय धांदल उडाली म्हणता! संध्याकाळच्या आत उभ्या भिंती सोडवून सगळ्या नव्यानं घासायच्या होत्या. मी म्हटलं, आधी पट्टीच सरळ करून घेऊ. तर हे म्हणाले की जुने स्क्रू आहेत, खाली सरस भरलाय, आत्ता उखडलं तर आजचा दिवस गेला. आहे तसंच चालव. चालवलं. पण माझा अंगठा लहान, ह्यांच्या खळग्यात नुसता घसरतो. दाब एकसारखा राहीना. थोड्या वेळानं तर त्याला मुंग्या आल्या आणि एका तुकड्यातून परत उजेड आला.

हे बघत होते. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाशी धरून उचलला आणि एखादं हत्यार ठेवावं तसा पाटावर ठेवला. मग त्याचा अंगठा सरळ करून खळग्यात बसवला. तो बसला. त्याचीच जागा होती ती.

“ह्याच्यात जोर नाही,” हे म्हणाले. “जोर तू दे.”

मी माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला आणि दाबला. थंड होता. हे उजव्या हातानं ठोकळा चालवायला लागले. काय तो हात! पुढे, उचल, पुढे, उचल, भुसा कसा पिठासारखा खाली. मी दाबायची, हे घासायचे, आणि घासलेला तुकडा मी बाईंकडे सरकवायची. त्या कडेवरून नख फिरवायच्या आणि म्हणायच्या, पास. एकदा म्हणाल्या, हा नापास, तर हे चिडले, गुण्या लावून बघितला आणि गुपचूप परत घासला. तिघंही हसत होतो. चहा करायला कुणी उठलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका कामावर इतका वेळ भांडल्याशिवाय कधी उभे राहिलो नव्हतो, देवाशपथ सांगते.

शेवटी चौथी भिंत घेतली. सरस लावला, वरून खाली सरकवली. खाली टेकताना टक असा बारीक आवाज झाला आणि ती बसली. दाबावी लागली नाही. बाई उठल्या, बोटं पुसली आणि आत घातली. जिना, खांब, वर्ग, दार. मग बोटं भिंतीच्या कडेनं सरकत कोपऱ्यात आली, वळली, आणि न थांबता पुढे गेली.

“आता इथे भिंत आहे,” त्या म्हणाल्या.

मी पदरानं डोळे पुसले. ह्यांनी खुर्ची गाठली आणि डावा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसले. बाहेर शाळेची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती.

रविवारी सकाळी भावजी टेम्पो घेऊन हजर. हे म्हणाले, आलास ते बरं झालं, पेचकस दे. दोघांनी मिळून पट्टी उखडली. भावजींनी ती हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, “दादा, खड्डा पडलाय हिला. नवी बसव की, माझ्याकडे सागाची आहे.”

ह्यांनी तीच पट्टी घेतली आणि मागची बाजू पुढे करून पाटावर ठेवली. मागची बाजू कोरी, सपाट. मला गुण्या धरायला सांगितला आणि उजेड बंद होईपर्यंत पट्टी बारीक बारीक सरकवत राहिले. मग एकेक स्क्रू स्वतःच्या उजव्या हातानं पिळला. घामाघूम झाले, पण भावजींना हात लावू दिला नाही. मला म्हणाले, आता मधोमध धर, कुठेही धर, चुकणार नाही. भावजी चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेले. दारात माझ्या कानाशी म्हणाले, वहिनी, डिझेलचे पैसे तुमच्याकडून घेणार. म्हटलं, घ्या की, पुढच्या जन्मी.

शाळा सुरू झाल्यावर बाईंचा फोन आला. पोरांची रांग लागते म्हणाल्या, सगळ्यांना छप्पर काढायचं असतं. एका मुलीनं दोन बोटांनी जिना चढून विचारलं म्हणे, वर गच्ची आहे ती आम्हाला खरंच देणार का. डोकं अजून कुणी आपटलेलं नाही. मग त्यांच्याच ओळखीनं आणखी एका शाळेचं काम आलं.

आता घासायला मी बसते. हे टेबलाच्या पलीकडे, माझ्या समोर. सकाळी खुर्ची तिथे आपणच ओढून घेतात आणि डावा हात उचलून पाटावर ठेवतात. पट्टीचा खळगा आता त्यांच्या बाजूला आला आहे. अंगठा त्यात बसवतात आणि मग दिवसभर तो तिथेच असतो. त्या अंगठ्याला काही कळत नाही हे डॉक्टरांनी परवा परत सुई टोचून दाखवलं. हे म्हणाले, बरं.

दुपारी कधीकधी ह्यांचा डोळा लागतो. मान छातीवर येते. मी तेव्हाच नेमकी घाई करते आणि माझा दाब वाढतो. तर मान वर न करता, डोळे न उघडता हे म्हणतात, “हळू.”

आवाजावरून कळत असेल. मी विचारत नाही. मी हळू घासते.